जीवशास्त्राच्या वाटण्या : प्रस्तावना

१९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबई आणि इंग्लंडमधल्या संशोधकांचे एक छोटे टिपण छापून आले. मुंबईतल्या काही मोजक्या माणसांचे रक्त माहीत असलेल्या कुठल्याच गटात बसत नव्हते. साध्या तपासणीत ते ‘ओ’ गटाचे वाटे, पण ‘ओ’ गटाचे रक्त त्याच्याशी जुळवून पाहिले की गुठळ्या होत. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पेच सोडवला. ए आणि बी हे प्रतिजन ज्या ‘एच’ नावाच्या रेणूपासून तयार होतात, तोच या माणसांच्या तांबड्या पेशींवर नव्हता. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून हा गट आज जगभर ओळखला जातो. एक जनुक दुसऱ्याचा परिणाम कसा झाकून टाकते, हे शिकवताना आनुवंशशास्त्राचे शिक्षक हेच उदाहरण घेतात. आपल्याकडे बी.एस्सी.च्या पेपरात त्यावर प्रश्न ठरलेला असतो : वडील ‘एबी’, आई ‘ओ’, तर मूल ‘ओ’ गटाचे कसे दिसते?

हा शोध कोणत्या शास्त्रातला म्हणायचा? अडचण डॉक्टरांना आली, रक्त देताना. ती उकलायला पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करांचे रसायन माहीत असावे लागले. उत्तर बसले ते आनुवंशशास्त्राच्या चौकटीत. त्या टिपणाच्या लेखकांना हा प्रश्न पडला नसावा. आपल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाला मात्र तो प्रवेशअर्ज भरतानाच सोडवावा लागतो, कारण अर्जावर वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, जैवतंत्रज्ञान असे वेगवेगळे रकाने असतात आणि त्यातल्या एकावरच खूण करायची असते. वैद्यक तर त्या अर्जावर नसतेच.

एकत्र कुटुंबात वाटण्या होतात तशा महाराष्ट्रात जीवशास्त्राच्या झाल्या. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते केवळ परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे होते, पण वैद्यकाची आणि पुढे विज्ञानाची पदवी त्याच एका छपराखाली मिळे. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले तेव्हाही छप्पर असे एकच होते. पुढे शेती वेगळी झाली : राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली, दापोली आणि परभणीची १९७२ साली. वैद्यकाने १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे वेगळे बिऱ्हाड केले. २००० साली पशुवैद्यक आणि मत्स्यविज्ञान नागपूरला गेले. शिवाय स्वातंत्र्यानंतर देशाने संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्रयोगशाळा काढल्या. त्यामुळे शिकवणे विद्यापीठाकडे आणि शोध लावणे प्रयोगशाळेकडे अशी आणखी एक वाटणी पडली. यातली प्रत्येक वाटणी करणाऱ्यांकडे रास्त कारणे होती. हजारो एमबीबीएसच्या मुलांच्या परीक्षा कला-वाणिज्याच्या परीक्षांबरोबर सांभाळणे सोपे नव्हते, आणि कृषी विद्यापीठांना शेतजमीन आणि विस्तार कार्यकर्ते हवे होते. पण कागदावर वाटण्या होत गेल्या त्याच काळात विज्ञान उलट दिशेने चालले होते. डीएनएची रचना १९५३ साली कळली. तेव्हापासून कांद्याच्या मुळाचे टोक, फळमाशीचा डोळा आणि माणसाचा कर्करोग हे एकाच भाषेत वाचता येऊ लागले. जीवशास्त्र एकत्र येत असताना त्याची विद्यापीठे वेगळी होत गेली. हे पुस्तक याच विसंगतीतून निघाले आहे.

वाटण्यांपूर्वीचे दिवस आठवायला एकच उदाहरण पुरे. १८८३ साली मुंबईत ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यांत दोन भारतीय होते : आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. दोघेही पेशाने डॉक्टर. सखाराम अर्जुन औषधी वनस्पतींचे जाणकार म्हणून ओळखले जात. तेव्हाच्या डॉक्टरला झाडे ओळखता यावी लागत, कारण औषध झाडातून येई. ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला ग्रंथ लिहिणारे थिओडोर कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, प्राचार्य होते. सह्याद्रीतली वनस्पती ओळखायची तर त्यांचा ग्रंथ अजूनही काढावा लागतो.

तेव्हापासून आजपर्यंत या प्रांतात जीवशास्त्राच्या सहा परंपरा वाढल्या. नवख्या वाचकाला त्यांची ओळख हवी, कारण विद्यापीठातला प्रत्येक विभाग आणि पुष्कळदा प्रत्येक शिक्षकही त्यांतल्या एखादीचा वारस असतो.

सर्वांत जुनी परंपरा नाव देण्याची आणि नोंद ठेवण्याची. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स काढली. ती आज त्यांच्याच नावाने चालते. (आघारकर संस्था गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आहे, त्यामुळे नवे विद्यार्थी आणि रिक्षावाले दोघेही गोंधळतात.) वर्गीकरणाला मधल्या काळात फार वाईट दिवस आले. हर्बेरियमची शीट नीट दाबून, सुकवून, चिकटवून देणारा विद्यार्थी मागासलेला समजला जाऊ लागला. हे मूर्खपणाचे होते. आज जैवविविधतेच्या नोंदी कायद्याने ठेवाव्या लागतात आणि त्या तपासायला माणसे मिळत नाहीत.

दुसरी परंपरा भ्रूणाची आणि घडणीची. या बाबतीत पुणे विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग नशीबवान. डॉ. लीला मुल्हेरकर यांनी एडिंबराला सी. एच. वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या भ्रूणावर काम केले आणि ती विद्या पुण्यात आणली. हे काम पाहायला भारी यंत्रे लागत नाहीत. उबवलेले अंडे फोडायचे, बलकावरचा पातळ पडदा भ्रूणासकट सोडवायचा, घड्याळाच्या काचेसारख्या बशीत काचेच्या कड्यावर तो ताणून बसवायचा आणि पुन्हा उबेत ठेवायचा. आधी पडद्यावर फिकट रेघ दिसते, मग मध्यरेषेच्या कडेने गाठींच्या जोड्या उमटतात. उबवणीच्या सुमारे दीड दिवसानंतर सूक्ष्मदर्शकाखाली हृदय आखडताना दिसते, रक्त अजून धड फिरू लागलेले नसते तेव्हा. पाठ्यपुस्तकातली आकृती पाहून जे वर्षभरात कळत नाही ते त्या एका सकाळी कळते. आणि त्यासाठी लागतात फलित अंडी, इनक्युबेटर आणि न कापणारे हात.

तिसरी परंपरा जीवरसायनाची. कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी तो हट्टाने मिळवला, १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली आणि नंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्यार्थी घडवले. त्यांच्या प्रयोगशाळेत डाळींवर आणि नीरेवर काम झाले, म्हणजे गरिबाच्या ताटात काय आहे आणि काय नाही यावर. जीवरसायनाचा अभ्यासक्रम आज चयापचयाच्या चक्रांच्या पाठांतरात अडकलेला पाहिला की त्यांची आठवण होते.

चौथी परंपरा रोगाची. तिचा उगम प्लेगमध्ये आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यातून परळची हाफकिन संस्था उभी राहिली. त्याच परळमध्ये पुढे वसंत खानोलकरांनी कर्करोगाचा अभ्यास केला. धोतर घट्ट बांधल्याने कमरेवर होणारा कर्करोग, विडी-तंबाखूने तोंडात होणारा कर्करोग, असा माणसाच्या सवयींशी रोगाचा संबंध त्यांनी लावला. ते पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आज वैद्यकाचा माणूस विज्ञान विद्याशाखेच्या विद्यापीठाचा कुलगुरू होणे अवघड झाले आहे, हेही वाटण्यांचेच फळ. पुण्यात १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने विषाणू संशोधन केंद्र निघाले. तेच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही.

पाचवी परंपरा रेणूची. १९६२ साली ओबेद सिद्दिकींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला. पुढे तिथे फळमाशीला चव आणि वास कसा कळतो यावर जगाने दखल घ्यावी असे काम झाले. पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र उभे राहिले. जीवशास्त्राच्या विभागात संगणक ठेवणे तेव्हा अनेकांना उधळपट्टी वाटे. आज ज्याला थोडी पायथॉन येत नाही त्या एम.एस्सी.च्या मुलाला बऱ्याच प्रयोगशाळांत उभे करत नाहीत.

परिसरशास्त्राची परंपरा मी मुद्दाम शेवटी घेतली, कारण ती बाकीच्या सगळ्यांना ओढून आणते. तिचे आपल्याकडचे सर्वांत मोठे नाव माधव गाडगीळ. फर्ग्युसनमध्ये बी.एस्सी., मुंबईत प्राणिशास्त्राची एम.एस्सी., मग हार्वर्ड. पण माणसापेक्षा एका रोगाची गोष्ट इथे अधिक उपयोगी पडेल.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलाजवळ माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ जंगलात लाकूडफाट्याला जाणारी माणसे तापाने फणफणली, काहींना रक्तस्राव झाला. प्रथम पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या विषाणू केंद्राने विषाणू वेगळा काढला, तेव्हा तो रशियात गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदुज्वराच्या विषाणूंच्या नात्यातला निघाला. सैबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांनी तर तो आणला नसेल? हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या देखरेखीखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांवरचा संशय टिकला नाही, पण भारतातल्या पक्षीस्थलांतराची पुष्कळशी माहिती त्या संशयामुळे मिळाली. रोगाचे खरे सूत्र जमिनीवरच होते. जंगल तोडले, त्याच्या कडेला गुरे चरू लागली, गुरांवर गोचिडी पोसल्या. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडतात आणि तिथून जाणाऱ्या माणसाला चावतात.

साठेक वर्षांनी हाच माकडताप गोव्यात सत्तरीला आणि सिंधुदुर्गात बांदा-दोडामार्गकडे आला. काजूच्या हंगामात बागेत पालापाचोळ्यात वावरणाऱ्या माणसांना तो गाठतो. आता विचार करा, याचा अभ्यास कोणी करायचा? तापाचा रुग्ण आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या माणसाकडे, गोचीड प्राणिशास्त्राच्या विभागाकडे, काजूची बाग दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे, गुरे नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे, विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय संस्थेकडे, वानर वनखात्याकडे. गोचिडीला यातले काहीच ठाऊक नसते.

हे सगळे आजच का सांगायचे? एक कारण कोविडने दिले. २०२० च्या मार्चमध्ये भारतात विषाणू वेगळा काढला तो एनआयव्हीने, आणि त्याच विषाणूवरून पुढे कोव्हॅक्सिन तयार झाली. कोविशिल्ड हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. हिंजवडीच्या जिनोव्हाने भारतातली पहिली एमआरएनए लस केली. कोव्हॅक्सिनचे उत्पादन सोडले तर हे सारे पुण्याच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या घेऱ्यात. त्या दोन वर्षांत घराघरांत आरटी-पीसीआर हा शब्द गेला, पण त्या चाचणीत नेमके काय होते हे आजूबाजूच्यांना समजावून सांगू शकलेले पदवीधर मला फार थोडे भेटले. दुसरे कारण यंत्राचे. प्रथिनाची घडी कशी पडते हे काढण्यात एकेका संशोधकाची वर्षे जात. आता अल्फाफोल्ड ते अंदाजाने मिनिटांत सांगते, आणि त्यासाठी २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा दिला गेला. पाठांतरावर उभा असलेला अभ्यासक्रम अशा काळात विद्यार्थ्याला फार दिवस पुरणार नाही.

आणि तिसरे कारण म्हणजे या शाखेत येणारी मुले. खरे बोलायचे तर त्यांतली पुष्कळ जीवशास्त्राचा ‘बी ग्रुप’ घेतलेली, ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडलेली आणि आता काहीतरी करायला हवे म्हणून आलेली असतात. पहिले वर्ष पुन्हा ‘नीट’ देण्यात जाते. नातेवाईक विचारतात, “बी.एस्सी. करून पुढे काय?” आणि मुलाकडे उत्तर नसते. या मुलांवर शिक्षकांनीही फार काळ अन्याय केला आहे. त्यांना हुकलेले डॉक्टर म्हणून वागवले. वस्तुस्थिती अशी की नुसत्या बी.एस्सी.वर औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमधली बेताच्या पगाराची नोकरी मिळते. संशोधनात जायचे तर एम.एस्सी., मग सीएसआयआर-नेट, मग पाच-सहा वर्षांची पीएच.डी., असा लांबचा रस्ता आहे. नेटमधून फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, मात्र ते वेळेवर हातात पडतीलच असे नाही. हे आधीच सांगितले तर निम्मी निराशा टळेल. विशेष म्हणजे नेटचा जीवविज्ञानाचा अभ्यासक्रम तेरा घटकांचा आहे आणि त्यात रेणूपासून परिसंस्थेपर्यंत सगळे येते. म्हणजे तीन वर्षे ज्या भिंतींच्या आत मुलांना ठेवले, त्या परीक्षेच्या दिवशी नसतातच.

प्रॅक्टिकलचे दुखणे वेगळे. एके काळी किनाऱ्यालगतच्या महाविद्यालयांत कोळणीकडून आणलेली मुशी ट्रेमध्ये टाचून तिच्या मेंदूचे मज्जातंतू सोडवत बसणे हा प्राणिशास्त्राचा संस्कार होता. फॉर्मेलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून विच्छेदन कमी करत आणले आणि २०१४ साली ते थांबवायला सांगितले. ते योग्यच झाले. एवढे प्राणी मारून जे शिकवले जात होते त्यातले बरेचसे आकृतीतही होते. पण त्या जागी आले काय? बऱ्याच ठिकाणी छापील चार्ट आणि तयार स्लाइड. जर्नल आधीच्या वर्षाच्या जर्नलवरून उतरवायचे, सही घ्यायची, सबमिशन झाले. मेलेल्या प्राण्याऐवजी जिवंत प्राणी पाहायला शिकवता आले असते. फळमाशी केळ्यावर वाढते, हायड्रा तळ्यात सापडतो, मुंग्यांना परवाना लागत नाही.

प्रॅक्टिकलची साधने सगळ्यांना सारखी मिळत नाहीत, आणि मोठ्या विद्यापीठाचे वैशिष्ट्य इथेच दिसते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची पदवी गणेशखिंडीत शिकणारा मुलगाही घेतो आणि जुन्नर, संगमनेर किंवा सटाण्याला शिकणारी मुलगीही घेते. पेपर एक, गुणपत्रिका एक. पण त्या मुलाच्या आवारातच राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था आहे, जवळच पाषाणला एनसीएल आणि आयसर आहे. सटाण्याच्या मुलीला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक फक्त चित्रात दिसतो. ही विषमता खरी आहे आणि निधीशिवाय ती जाणार नाही. तरी एक गोष्ट मी आग्रहाने म्हणेन : पेशी शहरात चांगली शिकता येते, जीवसृष्टी तालुक्यात. डाळिंबावरचा तेल्या, शेळ्यांचे आजार, धरणात वाढलेली जलपर्णी, गावातला सर्पदंश हे तिथल्या प्रयोगशाळेच्या दाराशी आहे. त्यावर प्रकल्प करून घेणारे शिक्षक तालुक्यांत आहेत, आणि या पुस्तकातले निम्मे लेखक त्यांच्यापैकी आहेत.

पुस्तकाने काय करायचे ठरवले ते थोडक्यात. हे पाठ्यपुस्तक नाही, प्रवेशपरीक्षेचे मार्गदर्शक नाही आणि करिअरचे पुस्तक तर नाहीच. मोठ्या विद्यापीठात जीवविज्ञान आणि जैववैद्यक शिकायला आलेल्या माणसाला आजूबाजूला काय काय आहे, ते एकमेकांशी कसे जोडलेले आहे आणि कुणाचे दार ठोठावायचे, हे त्याला मराठीत सांगावे एवढाच हेतू. लेखकांना एकच अट घातली होती : आपल्या विभागाची महती सांगायची नाही, एक प्रश्न घ्यायचा आणि तो शोधत दुसऱ्याच्या विभागात जायचे. काहींनी ती पाळली, काही मध्येच आपल्या गावी परतले. संपादकांनी त्यांना हाकलले नाही, कारण आपल्या विषयावरचे प्रेमही वाचकाला दिसायला हवे. लेखांचा सूर म्हणून सारखा नाही. एखादा फार तांत्रिक वाटला तर तो सोडून पुढचा घ्यावा.

उणिवा उघड आहेत. मत्स्यविज्ञान आणि पशुवैद्यक या दोन्ही शाखा इथे पाहुण्यासारख्या येतात. आयुर्वेदाच्या महाविद्यालयांत वनस्पतींवर जे काम चालते, त्याला एकच लेख मिळाला आहे. विदर्भ आणि मराठवाड्यातली विद्यापीठे फार कमी दिसतात, कारण लेखक पुणे-मुंबई-नाशिक पट्ट्यातले आहेत. नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या शिक्षकांनी आपापल्या भागाबद्दल असेच पुस्तक काढावे. त्यांना या पुस्तकाचा आराखडा, प्रश्नावली आणि लागेल ती मदत द्यायला संपादक तयार आहेत.